गुरुजींच्या शेऱ्यांची वही

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. माझ्या आजोबांच्या फोटोतली मिशी मी पुसलेली नाही. ती दौलतरावांनी पुसली, बटाट्याने पुसली, आणि बटाटा आमच्या घरातला होता एवढाच माझा त्यात वाटा. पण आमच्या नात्यागोत्यात आज कुणालाही विचारा, गुरुजींची मिशी कुणी घालवली, तर न थांबता माझं नाव सांगतील. रणजीत टेमगिरे, मुक्काम रहाटणी.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसाचे आठ तास लोकांनी केलेले पार्ट हातात घेऊन 'हा चालणार नाही' असं म्हणणं हा माझा व्यवसाय. त्यामुळे माझ्यात दोष निघाला की मला जरा जास्त लागतं, हे पूनमचं, म्हणजे माझ्या बायकोचं मत आहे. मला ते मान्य नाही. दोष खरा असेल तर मी कबूल करतो. अजून तशी वेळ आलेली नाही.

प्रकरण सुरू झालं सुभद्राआत्याच्या फोनने. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची, आबाजींची धाकटी बहीण. तिला गावातच दिली. आमचं गाव वाघजाईवाडी, कुरुळीच्या पुढे. पूर्वी तिथे ज्वारी आणि बाजरी पिकायची, आता शेड पिकतात. आत्याने गोठा पाडून कंपनीतल्या पोरांसाठी भाड्याच्या खोल्या काढायचं ठरवलं होतं.

"रणजीत, गोठ्यात तात्यांची ट्रंक हाय. उद्या जेसीबी येनार. न्यायची तर ने, न्हाईतर भंगारवाला दारात उभाच हाय."

तात्या म्हणजे माझे आजोबा, ज्योतीराम टेमगिरे गुरुजी. लोकल बोर्डाच्या जमान्यात वाघजाईवाडीच्या शाळेत ते एकटे चार वर्ग शिकवायचे. मी पाच वर्षांचा असताना ते गेले. मला त्यांची आठवण म्हणजे एक खरखरीत बोट आणि तपकिरीचा वास. पण भंगारवाला हा शब्द ऐकला आणि माझं रक्त तापलं. ज्या माणसाने अख्ख्या गावाला बाराखडी शिकवली, त्याची ट्रंक भंगारात? मी त्याच दिवशी हाफ डे टाकला आणि टेम्पो घेऊन गेलो.

ट्रंक आणली, ती लिफ्टमध्ये मावेना. जिन्याने चौथ्या मजल्यावर चढवली, ती दारातून आत जाईना, कारण दारातच आमचा चपलांचा स्टँड भिंतीत पक्का केलेला आहे. म्हणून दोन दिवस ती पॅसेजमध्ये राहिली. शेजारी दौलतराव राहतात. टपाल खात्यातून निवृत्त झालेले आणि सोसायटीचे सेक्रेटरी. ते ट्रंकेभोवती एक फेरी मारून म्हणाले, "राव, हा ठेवा आहे ठेवा! पिढ्यान्‌पिढ्या जपा." मला भरून आलं. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर नोटीस आली: 'सार्वजनिक जागेत अडगळ ठेवणाऱ्या सभासदांनी ती चोवीस तासांत हलवावी. सेक्रेटरी.' मी त्यांचं दार वाजवलं. ते शांतपणे म्हणाले, "सकाळी मी शेजारी म्हणून बोललो."

शेवटी पॅसेजमध्येच ट्रंक उघडली. आत एक हातघंटा, चुरगळलेला फेटा, दौत, ट्रेनिंग कॉलेजचं सर्टिफिकेट, काचेच्या फ्रेममधला फोटो आणि काळ्या पुठ्ठ्याची एक जाडजूड वही. फोटोत गुरुजी खुर्चीत बसलेले, मांडीवर हात, आणि मिशी अशी की बघणाऱ्याने आपोआप ताठ उभं राहावं. फक्त वर डाग पडले होते.

"फोटो स्वच्छ करायला बटाट्यासारखं औषध नाही," दौलतराव म्हणाले. "कापायचा आणि हलक्या हाताने फिरवायचा. आमच्या ऑफिसात सगळ्या थोर पुरुषांना दरवर्षी असंच करायचो."

ते थोर पुरुष काचेच्या आत असायचे, हे त्यांनी नंतर सांगितलं. आमचा थोर पुरुष त्यांनी फ्रेममधून बाहेर काढला होता. दोन हात फिरवले आणि डाग गेला. तिसऱ्या हाताला मिशीची उजवी बाजू बटाट्याला चिकटून आली. दौलतरावांनी बटाट्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं आणि म्हणाले, "फोटोचा कागद हलका होता."

मग माझी मुलगी तनुजा पुढे आली. ती हिंजवडीला नोकरी करते, म्हणजे तिला सगळं येतं. तिने फोटो मोबाइलवर घेतला आणि कसल्याशा ॲपला म्हणाली, मिशी लाव. ॲपने मिशी लावली. शिवाय न सांगता गालावर हसू आणलं, दात पांढरे केले आणि अंगात कोट घातला. आजोबा लग्न ठरलेल्या मुलासारखे दिसायला लागले. हा फोटो तिने मोठ्या अभिमानाने नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. पाचच मिनिटांत आत्याचा फोन आला.

"ह्यो कोन बाप्या हाय? तात्या जल्मात हसलं न्हाईत. मिशी कुठं हाय त्यांची?"

मी म्हणालो, "आत्या, ती बटाट्याला..."

तिने पुढचं ऐकलंच नाही. त्या दिवसापासून मी मिशी घालवणारा.

असो. फोटोचं दुःख गिळून मी वहीकडे वळलो आणि मला खजिना सापडल्यासारखं झालं. पहिल्या पानावर वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'विद्यार्थ्यांचे स्वभाव व प्रगती'. पुढे सन १९४१ पासून १९५७ पर्यंत एकशे शहाऐंशी मुलं. प्रत्येकाचं नाव आणि एक किंवा दोन ओळींचा शेरा. हे सरकारी रजिस्टर नव्हतं, गुरुजींनी स्वतःसाठी ठेवलेली नोंद होती. आणि काय नोंदी! 'गेणू: पावसाळ्यात शाळेत दिसत नाही. इतर वेळीही नाही.' 'विठू: नेहमी खरे बोलतो. त्यामुळे घरी मार खातो.' 'तुळशीराम: अक्षर सुंदर. काय लिहिले आहे हे त्यालाही सांगता येत नाही.' मी रात्रीचं जेवण विसरलो. पूनमने ताट झाकून ठेवलं आणि म्हणाली, "तुमच्याबद्दल त्यांनी काय लिहिलं असतं, याचा विचार करतेय." मी दुर्लक्ष केलं.

त्याच रात्री मी ठरवलं: या वहीचं एक अक्षर इकडचं तिकडे होऊ द्यायचं नाही. पानापानाचे फोटो काढायचे, सुती कापडात बांधायची, आणि घराण्याचा इतिहास लिहून त्याला जोडायचा. हे मी ग्रुपवर जाहीरही केलं. माणसाने चांगलं काम जाहीर करू नये, हे तेव्हा कळलं नाही.

पाच सप्टेंबरला, शिक्षक दिनाला, मी 'आपली वाघजाईवाडी' या गावाच्या ग्रुपवर वहीचं एक पान टाकलं. सन १९४६चं. का तर ते पान सगळ्यात स्वच्छ होतं, दुसरं काही कारण नव्हतं. आधी चाळीसेक जणांनी हात जोडले. मग एकदम शांतता झाली. त्या पानावर तिसऱ्या ओळीत असं होतं: 'भैरू: बुद्धी चांगली. खडू खातो.'

आता हा भैरू म्हणजे पुढचे भैरूशेठ. गावातलं मोठं घर. ते वारले त्याला वर्ष होत आलं होतं, आणि त्यांचा नातू कुलदीप वर्षश्राद्धाला गावाच्या वेशीवर त्यांच्या नावाची कमान उभी करत होता. कुलदीपच्या जागांवर निम्म्या कंपन्यांची गोदामं आहेत. त्याचा फोन आला.

"भावा, 'खडू खातो' म्हंजे काय?"

"म्हणजे खडू खायचे, लहानपणी," मी म्हणालो.

"आमचं आज्जा?"

"वहीत तसं आहे."

"कमानीवर आमी 'शिक्षनम्हर्षी' लिवलंय, संगमरवरात. आन्‌ तू गावाला सांगतो खडू खातो?"

दुसऱ्या दिवशी तो घरी आला. बरोबर तीन जण, सगळे पांढऱ्या कपड्यांत. पूनमने चहा केला. कुलदीपने वही मागितली, पान उघडलं, ओळीवर बोट ठेवलं आणि समजावणीच्या सुरात म्हणाला, "हे बघ, मोठं काय करायचं न्हाई. फकस्त 'ख'चा 'ला' करायचा. लाडू खातो. बास. लाडू कोन बी खातंय."

मी वही ओढून घेतली. माझ्या आवाजात मलाच अनोळखी असं काहीतरी आलं. "कुलदीपभाऊ, ही वही माझ्या आजोबांच्या हातची आहे. यात एक काना इकडचा तिकडे होणार नाही. कमान तुमची आहे, वही माझी आहे."

"आपन एकाच गावचं हाय, एवढं ध्यानात ठेव," तो उठत म्हणाला. चहा मात्र त्याने पूर्ण संपवला.

पुढचा महिनाभर आमच्या घराची शाळा झाली. दर रविवारी वाघजाईवाडीहून कुणीतरी येई. एकाला आपल्या चुलत्याची जन्मतारीख हवी होती. वहीत तारखा नव्हत्या, तर तो म्हणाला, मग ही वही कसली? दुसऱ्याला आपल्या वडिलांचा पहिला नंबर होता असा लेखी पुरावा हवा होता. शेरा निघाला, 'रोज उशिरा येतो, कारण सांगताना मात्र वेळ दवडत नाही.' त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच सकाळी बसून लिहिलं होतं. तिसरे गृहस्थ म्हणाले, आमच्या आजोबांचं नावच कसं नाही? मी म्हणालो, शाळेत गेले नसतील. ते ग्रुपमधून बाहेर पडले आणि जाताना लिहून गेले, 'काही लोकांनी गावाचा अपमान चालवला आहे.' काही लोक म्हणजे मी.

दौलतरावांचं मत पडलं की वही सरकारजमा करा, म्हणजे जबाबदारी त्यांची. टपाल खात्यातल्या माणसाचा सरकारवर विश्वास असतो. मीही वैतागलो होतो. शिक्षण खात्याच्या एका कार्यालयात गेलो. कुठल्या ते सांगत नाही, मला तिथे पुन्हा जावं लागू शकतं.

टेबलावरच्या साहेबांनी वही उलटीपालटी केली. "ही सरकारी का खाजगी?"

"खाजगी. आजोबांनी स्वतःसाठी ठेवली होती."

"खाजगी असेल तर आमचा काय संबंध?"

"पण शाळेतल्या मुलांबद्दल आहे."

"ड्युटीवर असताना लिहिली?"

"हो, म्हणजे शाळेतच..."

"मग सरकारी." त्यांनी चष्मा काढला. "सरकारी दप्तर सत्तर वर्षं तुमच्या घरी कसं?"

मी चाकणला रोज शंभर माणसांना प्रश्न विचारतो. मला कुणी विचारलेला नव्हता. माझ्या तोंडून निघालं, "गोठ्यात होतं."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाले, जमा करायची तर मूळ धारकाचा अर्ज लागेल, त्यांच्या सहीने. मी सांगितलं, मूळ धारक जाऊन पंचेचाळीस वर्षांवर झाली. मग मृत्यूचा दाखला, वारसाचा दाखला, इतर वारसांची संमती आणि वही उशिरा जमा करण्याबाबत खुलासा आणा. आत्याची संमती! जी बाई माझ्याशी मिशीवरून बोलत नव्हती! मी वही काखेत मारून घरी आलो.

आठवड्याने वॉचमनने एक लिफाफा आणून दिला. पत्र आजोबांच्या नावे होतं. 'श्री. ज्योतीराम टेमगिरे, शिक्षक, यांस. आपणाकडे शासकीय दप्तर अनधिकृतपणे असल्याचे निदर्शनास आले आहे. तरी सात दिवसांचे आत समक्ष हजर राहून खुलासा करावा, अन्यथा आपले काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल.' ज्या माणसाने सगळी नोकरी एकाही बदलीशिवाय आणि एकाही रजेशिवाय केली, त्याला नोटीस! मी ते पत्र पूनमला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्यांचं खरंच काही म्हणणं नसेल हो." मला हसू आलं नाही. आजही येत नाही.

अशा मनःस्थितीत असताना आत्याचा फोन आला. महिन्याने पहिल्यांदाच. तिचा आवाज निराळा होता.

"रविवारी वही घिऊन ये. सोजराबाई म्हनती, मला माझं बघायचं हाय. तिच्या पनतीनं गुरुपवर वाचून दावलं, तवापासनं म्हातारी जेवंना."

१९४६च्या त्या पानावर भैरूच्या दोन ओळी खाली आणखी एक नोंद होती. 'सोजरा: बोलते फार. औटकी येत नाही.' औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. वहीतल्या एकशे शहाऐंशी नावांत मुली सातच. त्यातली सोजरा अजून आहे, हेच मला ठाऊक नव्हतं.

रविवारी मी आणि पूनम गेलो. आत्याच्या नव्या खोल्यांसमोर ओटा केला होता, त्यावर सतरंजी टाकलेली. सोजराबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. सत्त्याऐंशी वर्षांच्या, मूठभर देह, डोळ्यांवर जाड चष्मा. बातमी पसरलेली असणारच, कारण दहाबारा बाया आणि रिकामी पोरं जमली होती, आणि थोड्या वेळात कुलदीपही आपल्या तिघांसह येऊन हाताची घडी घालून उभा राहिला.

सोजराबाईंनी मला नमस्कारही करू दिला नाही. "वाच."

मी वाचलं. "सोजरा: बोलते फार. औटकी येत नाही."

"पुन्यांदा वाच."

पुन्हा वाचलं.

"बोलते फार, ह्ये खरं हाय. म्होरलं खोटं हाय."

 मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि बोलताना त्यांचा आवाज चढत गेला. त्या दिवशी गुरुजींनी त्यांना उभं केलं आणि म्हणाले, सोजरा, औटकी म्हण. त्या उभ्या राहिल्या, तोंड उघडलं, तेवढ्यात दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारा साहेब, घोड्यावरून आला. गुरुजी धावत बाहेर गेले. साहेबाने मुलांना सुट्टी दिली. दुसऱ्या दिवशी सोजराच्या घरी भाऊ जन्मला, आणि पाळण्याची दोरी धरायला तिला शाळेतून काढलं. ती परत गेलीच नाही.

"रातभर पाठ केली व्हती मी. आईनं दिवा इजवला तर अंधारात म्हनली. आन्‌ गुरुजी लिवत्यात, येत न्हाई! इचारलं कुठं मला? ऐकलं कुठं?"

 आजोबांची बाजू घ्यायची म्हणून मी म्हणालो, "आजी, त्यांना वाटलं असेल..."

"वाटलं म्हनून लिवायचं? आता ऐक."

आणि त्या उठून उभ्या राहिल्या. आत्याने हात धरायला पुढे केला, तो त्यांनी झटकला. पदर खांद्यावरून घेतला, हात बाजूला सरळ सोडले, नजर समोर भिंतीवर लावली आणि सुरू केलं. एक औट साडेतीन. दोन औटे सात. तीन औटे साडेदहा. आवाज बारीक, पण चाल पक्की. सात औटे साडेचोवीस. तेरा औटे साडेपंचेचाळीस. बाया ओठ हलवू लागल्या. कुलदीपने मोबाइल काढून कॅल्क्युलेटर उघडला होता आणि प्रत्येक आकड्याला मान हलवत होता.

सतराला त्या थांबल्या. सतरा औटे... डोळे मिटले. एक पोरगं खुसखुसलं, त्याला कुलदीपने चापट मारली. पूनमने माझा दंड धरला. 

"साडे... एकोनसाठ."

"बराब्बर!" कुलदीप ओरडला. एखाद्याने सिक्सर मारावा तसा.

तिथून पुढे त्या थांबल्याच नाहीत. तेवीस, सत्तावीस, एकोणतीस, आणि तीस औटे एकशे पाच म्हणून खाली बसल्या. आत्या डोळ्यांना पदर लावून उभी होती. मी नाक शिंकरलं, धूळ होती म्हणून.

"आता लिही," सोजराबाई म्हणाल्या. "येते."

माझा हात खिशातल्या पेनाकडे गेला आणि तिथेच राहिला. समोर कुलदीप होता. याच माणसाला मी छाती पुढे काढून सांगितलं होतं की एक काना बदलणार नाही. त्याने हातांची घडी पुन्हा घातली आणि शांतपणे म्हणाला, "लिवा की. आमी बगतोय. मंग 'ख'चा 'ला' बी करू."

माझी फार विचित्र अवस्था झाली. लिहावं तर मी खोटा, न लिहावं तर आजोबा खोटे.

"आजी," मी म्हणालो, "गुरुजींचं अक्षर मला खोडता येणार नाही."

"खोड म्हनलं कोनी?" त्या कडाडल्या. "गुरुजींनी लिवलं ते त्या दिसाचं हाय. ते ऱ्हाऊ दे. त्याच्या म्होरं आजची तारीख टाक, आन्‌ आजचं लिही."

इतका सरळ मार्ग मला महिनाभरात सुचला नव्हता. मी तारीख टाकली आणि लिहिलं, 'औटकी तीसपर्यंत न चुकता म्हटली.' वाचून दाखवलं. त्यांनी मान डोलावली, मग बोट त्या ओळीवर फिरवलं, शाई सुकली का ते बघायला.

कुलदीप लगेच पुढे सरकला. "मंग आमच्या आज्जाच्या म्होरं बी लिवा. पुढे खडू सोडला."

"कवा सोडला?" सोजराबाईंनी विचारलं. "भैरू माझ्या वर्गात व्हता. खडूच न्हाई, पाटीवरची पेन्शील बी खायचा."

कुलदीपचा चेहरा बघवेना. इतका मोठा माणूस, पण एकदम शाळेतल्या मुलासारखा उभा. सोजराबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांचा सूर जरा उतरला.

"पर एक हाय बाबा. चोरून न्हाई खाल्ला कवा. मागून घ्यायचा. सोजरे, तुझा तुकडा दे, म्हनायचा. न्हाई म्हनलं तर गप बसायचा."

कुलदीपने 'मागून घ्यायचा' एवढंच पुन्हा म्हणून पाहिलं. मग तिघांकडे वळून म्हणाला, "ह्ये भाषनात घ्यायचं. आमचं आज्जा बालपनापासून मागून घ्यायचं, लुबाडायचं न्हाई." आणि मला म्हणाला, "तेवढं तारीख टाकून लिवा, भाऊ. साक्षीदार सोजराबाई." मी लिहिलं. 'भावा'वरून मी 'भाऊ'वर आलो होतो.

सगळं नीट झालं होतं. मी टोपण लावत होतो. आता घराण्याच्या इतिहासात हा प्रसंग कसा लिहायचा याची वाक्यंही मनात जुळत होती: 'नातवाने मोठ्या समंजसपणे...' तेवढ्यात सोजराबाई म्हणाल्या, "तू लिवलंस खरं. पर माझी बराबर हाय का चूक, तुला कसं कळलं?"

"कुलदीपभाऊंनी मोबाइलवर..."

"तुला इचारलं मी. गुरुजींचा नातू न्हवं? उभा ऱ्हा. औटकी म्हन."

मी हसलो. कुणीच हसलं नाही. कुलदीप तर सतरंजीवर मांडी घालून बसला. मी उभा राहिलो. बी. ई. मेकॅनिकल, तीस वर्षांची नोकरी. एक औट साडेतीन, दोन औटे सात, तीन औटे साडेदहा, चार औटे चौदा. सहापर्यंत मी व्यवस्थित होतो, हे पूनमही मान्य करते. सातचं मी नुकतंच ऐकलं होतं. आठ औटे अठ्ठावीस. नऊ औटे...

"साडेतेहतीस," मी म्हणालो.

ओट्यावरच्या बारा बाया एका आवाजात म्हणाल्या, "साडेएकतीस!"

सोजराबाईंनी चष्मा काढून पुसला. रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. "बस खाली. वही उघड. तुझं नाव लिही."

मी विरोध केला. सांगितलं की वही १९५७ला बंद झालेली आहे, मी त्या शाळेचा विद्यार्थी नाही, अशी नोंद नियमात बसत नाही. पूनम म्हणाली, "लिहा हो, आजी सांगतायत ना." माझी सख्खी बायको! आत्याने पान काढून दिलं. आणि मी, माझ्याच पेनाने, माझ्याच अक्षरात, सोजराबाईंच्या तोंडून उतरवून घेतलं: 'एकशे सत्त्याऐंशी. रणजीत: वही नीट ठेवतो. औटकी येत नाही.'

कुलदीपने त्याचा फोटो काढून तिथल्या तिथे ग्रुपवर टाकला. या वेळी हात जोडणारे दीडशे निघाले. ग्रुप सोडून गेलेले ते गृहस्थसुद्धा परत आले.

या वयात, इतक्या माणसांसमोर, एका पाढ्यावरून माझी ही शोभा झाली, याबद्दल मला जे वाटतं ते मी इथे लिहीत नाही. शिक्षण खात्याच्या नोटिशीला मात्र उत्तर पाठवलं आहे. तीन ओळींचं आहे. 'श्री. ज्योतीराम टेमगिरे हजर राहू शकत नाहीत. गोठा पाडण्यात आला आहे. सदर वहीत अद्याप नोंदी चालू असल्यामुळे ती तूर्त जमा करता येत नाही.'

सकाळी कंपनीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसतो आणि डोळे मिटून, ओठ न हलवता औटकी म्हणतो. शेजारचा परवा विचारत होता, साहेब, जप चालू केला का? मी हो म्हणालो. बावीसपर्यंत आलं आहे, तेवीसला अडखळतो. येत्या रविवारी सोजराबाईंनी बोलावलं आहे. पूनमने शनिवारचं सिनेमाचं तिकीट रद्द केलं, का तर माझा अभ्यास राहील.